एका दिवसाचं तिकीट

व्यसनमुक्ती केंद्रात मी रुजू झाले त्या सकाळी, हजेरीपटावर सही करायच्या आधीच, एका माणसाने माझ्या हातात लोखंडी पंच ठेवला. एसटीच्या कंडक्टरकडे पूर्वी असायचा ना, तिकिटाला भोक पाडायचा, तसला. दुसऱ्या हातात पुठ्ठ्याचा बोटभर तुकडा. म्हणाला, "मॅडम, माझं तिकीट फाडा."

मला वाटलं पेशंट आहे. मी तेव्हा नुकतीच नांदेडला एमएसडब्ल्यू झालेली, हदगावकडच्या शेतकऱ्याची पोरगी, कडक इस्त्रीचा ड्रेस घालून आलेली. अगदी पुस्तकातल्या आवाजात मी विचारलं, "दादा, तुम्ही कधी ॲडमिट झालात?"

"म्या इथं कामाला हाय," तो म्हणाला. "जल्दी पाडा भोक. तिकडं पंधरा शीटं खोळंबलेत."

ही पंधरा शीटं म्हणजे वॉर्डातले पंधरा पेशंट, अंघोळी करून, केस विंचरून रांगेत उभे. मी पंच दाबला, कट्ट झालं. त्याने तो तुकडा वरच्या खिशात ठेवला, पंच माझ्या हातातून काढून घेतला आणि रांगेकडे जाऊन एकेकाचं तिकीट फाडायला लागला. प्रत्येकाला तेच वाक्य. "आजचं हाय. उद्याचं उद्या. पास भेटत न्हाई."

मास्तरांची नि माझी ही पहिली भेट. आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात, शाळेशी त्याचा संबंध नाही. एसटीत होते, दारूपायी नोकरी गेली, त्याच केंद्रात पेशंट म्हणून आले आणि बरे झाल्यावर घरी जायचं सोडून तिथेच राहिले. नांदेडमध्येच, गोदावरीच्या अलीकडच्या एका गल्लीत आमचं दोन मजली केंद्र होतं. कागदावर तिथे समुपदेशक मी होते. मास्तर कागदावर रखवालदार होते.

आता माझ्यासारखीला ही गोष्ट पचायला किती दिवस लागले असतील ते विचारू नका. माझ्याकडे चार पानी फॉर्म होता. पहिला घोट कोणत्या वयात, घरात आणखी कोण पितं, झोप कशी, भूक कशी. मी विचारत बसायचे आणि समोरचा माणूस माझ्या चपलांकडे बघत म्हणायचा, "मी तर पीतच न्हाई मॅडम, कधीमधी सोयऱ्याधायऱ्यात." अर्धा तास डोकं फोडून मी बाहेर यायचे. मग मास्तर आत जायचे. खुर्चीवर ते कधी बसलेच नाहीत. एक हात खिडकीच्या गजाला, पाय जरा फाकवलेले, जणू खोली आत्ता वळण घेणार आहे. खांद्याला चामड्याची रिकामी पिशवी. आणि दोनच प्रश्न. "कुठून बसलात? कुठं उतरायचं?"

काय जादू होती त्यात देव जाणे. माझ्यापुढे तोंड शिवून बसलेला माणूस घळाघळा बोलायला लागायचा. कुठून बसलो, म्हणजे धाकट्या भावाच्या लग्नात बसलो, मास्तर. मग कुठल्या थांब्यावर बायको उतरून गेली, कुठे लेकरांनी बोलणं सोडलं, सगळं. मास्तर बाहेर येऊन मला सांगायचे, "लिहा मॅडम. तुमची सही चालती. माझी सही नुस्ती हजेरीला." मी लिहायचे. खाली माझं नाव, माझी पदवी. कधीकधी लाज वाटायची, कधीकधी नुसताच राग यायचा, आणि राग आला की मी त्यांना शुद्धलेखन शिकवायला जायचे.

माझ्या आधी चार समुपदेशक येऊन गेले होते. एक तलाठी झाला, एकीचं लग्न होऊन ती पुण्याला गेली, एकजण दिवाळीच्या सुट्टीला गेला तो परत आलाच नाही, आणि चौथी मोठ्या दवाखान्यात लागली. मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात मला विचारलं, "मॅडम, तुमी कुठं उतरणार?"

"मी नाही उतरणार," मी फणकाऱ्याने म्हटलं.

"समदे असंच म्हणतेत," ते म्हणाले. "दारूवाले बी आन मॅडम लोकं बी."

त्यांच्या सवयी सांगायला बसले तर रात्र पुरणार नाही. चहा अर्धाच प्यायचे आणि कप धुऊन उलटा ठेवायचे. कुणाशीही बोलताना मधेच आपल्या खिशाला हात लावून तिकीट आहे ना बघायचे. केंद्रात कुणी "सुधारलेला पेशंट" म्हटलं की बिघडायचे. "सुधारायला त्यो काय रस्ता हाय का?" आणि स्वतःचं तिकीट ते स्वतः कधीच फाडायचे नाहीत. एकदा मला ताप होता, मी दुपारी उशिरा आले, तर मास्तर तोंड पाडून पायरीवर बसलेले. बाकी सगळ्यांना तिकिटं देऊन झाली होती. मी म्हटलं, "अहो, घ्यायचं ना स्वतः पाडून."

"कंडक्टरनं सोताच सोताला तिकीट देयाचं आसतं का? मंग इमान कशाला म्हनायचं?"

मी पर्स खाली ठेवायच्या आधी पंच दाबला. तेव्हा कुठे ते जेवले.

असं का, ते त्यांनी कधी आडून सांगितलं नाही. दर नव्या माणसाला पहिल्या बैठकीत उघड सांगायचे. ड्यूटीवर पिऊन होते. एका फाट्यावर गाडी थांबली. म्हातारी उतरत होती, एक पाय पायरीवर, एक पाय अजून आत. मास्तरांना वाटलं उतरली. त्यांनी दोरी दोनदा ओढली. डबल बेल म्हणजे ड्रायव्हरला निघायची खूण. गाडी हलली. म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती पुन्हा चालली नाही. "ती म्हातारी मला काई बोल्ली न्हाई," मास्तर सांगायचे. "नुस्ती बगत व्हती. म्हनून सांगतो बाबांहो, इथून कुनाला घाईनं उतरू देनार न्हाई म्या."

आणि खरंच देत नसत. पेशंटचे दिवस भरले की मास्तर त्याच्याबरोबर एसटीने त्याच्या गावापर्यंत जायचे. त्याला खिडकीशी बसवायचं, आपण बाहेरच्या बाजूला. घराच्या उंबऱ्यापर्यंत सोडून, बायकोच्या हातात एक पंच केलेलं तिकीट देऊन, परतीची गाडी पकडायची. निघताना दारावर बोटाने दोनदा टकटक. ही त्यांची डबल बेल. त्यांच्या खोलीत भिंतीवर एक कॅलेंडर होतं, त्यावर तारखांखाली गावांची नावं. कुठल्या गावचा बाजार कोणत्या वारी. ज्या दिवशी त्या माणसाच्या गावचा बाजार, त्या दिवशी त्याला सोडायचं नाही, हा नियम. मला वाटायचं अंधश्रद्धा आहे, अमावास्या पाळतात तशातली. एमएसडब्ल्यू ना मी!

माधव लोह्याचा. टेम्पो चालवायचा. उंचापुरा, हसरा, वॉर्डात सगळ्यांची पाठ चेपून देणारा माणूस. त्याचे दिवस भरले तेव्हा मास्तर भाचीच्या लग्नाला गेलेले, दुपारी यायचे होते. खाली दोन नवे पेशंट पलंगासाठी थांबले होते. माधव म्हणाला, "मॅडम, मी जातो की. सरळ गाडी हाय." मी कॅलेंडर बघितलं. लोहा, त्याच वाराखाली, मास्तरांच्या तिरक्या अक्षरात. बघितलं, आणि तरी सही केली. हे मी आजपर्यंत फार जणांना सांगितलेलं नाही.

मास्तर आले. पलंग रिकामा बघून एवढंच विचारलं, "कुठं हाय?" मी सांगितलं. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. पिशवी खांद्याला होतीच. मी मागून पळत गेले. लोह्याची गाडी धरली. मीच बडबडत होते, त्याचा निर्धार पक्का आहे, त्याने मला शब्द दिलाय, मी त्याला नीट समजावलंय. मास्तर खिडकीतून एकेक फाटा बघत होते.

माधव बाजाराच्या कडेला एका टेम्पोच्या चाकाला टेकून बसलेला सापडला. शर्टावर वांती, एक चप्पल गायब. बाजाराच्या दिवशी सगळे दोस्त गावात असतात, माल विकलेला असतो, आणि महिनाभर न दिसलेला माणूस दिसला की जो तो त्याला ओढून नेतो. हे मास्तरांना माहीत होतं. आता मलाही कळलं. त्याची बायको सुमन खबर लागून तिथे आली होती. ती ओरडली नाही, रडली नाही. मास्तरांकडे बघून म्हणाली, "मामा, आज तुमी का नव्हता आला?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मास्तर म्हणाले, "माझं चुकलं, माय. मला उशीर झाला."

माझं नाव घेतलं नाही त्यांनी. तिथेही नाही, केंद्रात आल्यावर डॉक्टरांसमोरही नाही. मी परतीच्या गाडीत रडले तेव्हा त्यांनी तेवढं सांगितलं, "रडून घ्या. पर उद्याच्याला वेळेवर या. माझं तिकीट तुमच्याकडं ऱ्हातंय." दुसऱ्या दिवशी ते एकटे पहिल्या गाडीने लोह्याला गेले. माधव तोंड लपवून बसला होता म्हणे. मास्तरांनी त्याला अंघोळ करायला लावली आणि नवं तिकीट फाडून दिलं. कालचा विषय काढायचा नाही, एवढीच अट.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी केंद्रात सरकारी पत्र आलं. यापुढे समुपदेशन फक्त प्रमाणपत्रधारकांनीच करावं. ज्यांच्याकडे पदवी नाही, पण जे स्वतः व्यसनातून बाहेर पडलेत, त्यांच्यासाठी एक वेगळा दरवाजा होता. लातूरला मुलाखत, अट एकच महत्त्वाची. किमान दोन वर्षं व्यसनापासून दूर. मी आनंदाने उड्याच मारल्या. मास्तरांना दोन वर्षांची काय कथा! त्यांची बायको गावाहून भेटायला यायची, तिने मला एकदा मेथी निवडता निवडता आकडा सांगितला होता, अकरा वर्षं चार महिने. पण पास झाले नाहीत तर मास्तरांना पेशंटशी बोलायला बंदी, हेही पत्रात तितकंच स्पष्ट होतं. तेवढं एकच काम त्यांच्या आयुष्यात उरलं होतं.

मी त्यांचा महिनाभर अभ्यास घेतला. विसरायचे नाहीत काही. फॉर्मही मीच भरून घेतला. नाव, पत्ता, शिक्षण, आणि मग रकाना आला, व्यसनमुक्तीचा कालावधी. मास्तर म्हणाले, "लिहा, एक दिवस."

"मास्तर, थट्टा नको."

"थट्टा कामून करू? खिशात बगा. आजचंच हाय."

मी हात जोडले. चिडले. म्हटलं, अहो, तो सरकारी कागद आहे, त्यांना तुमचं तिकीट-बिकीट काय कळणार, अकरा लिहा आणि मोकळे व्हा. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, ज्या दिवशी म्या अकरा म्हनलो, त्या दिवशी माझ्या मनात येतंय, अकरा झाले, आता एक घोटानं काय व्हतंय. मला म्हाईत हाय त्यो आवाज. समद्यायला रोज एक दिवस सांगून राहिलो, आन सोता अकरा लिहू?" शेवटी रकाना रिकामा ठेवून आम्ही लातूरची गाडी धरली. मला वाटलं, तिथे बघू.

लातूरला त्या कार्यालयाच्या व्हरांड्यात मी बाकड्यावर बसले. दार अर्धं उघडं होतं. आत तिघेजण. मास्तर खुर्चीवर बसले नाहीत, खिडकीचा गज धरून उभे राहिले. पहिली दहा मिनिटं तर ते तिघे खूशच झाले होते. हसत होते, माना हलवत होते. मग एकाने फॉर्म उलटला. "हा रकाना राहिलाय. दारू सोडून किती दिवस झाले?"

"एक दिवस."

"म्हणजे काल प्याला होता?"

"न्हाई."

"मग किती वर्षं झाली ते सांगा ना."

"साहेब, आजचा दिवस हाय. सकाळी बसमदी मॅडमनं तिकीट फाडलं."

मग कागदावर पेन चालल्याचा आवाज. मला आकडा माहीत होता. अकरा वर्षं चार महिने, आणि त्यांच्या बायकोने सांगितल्यापासून वर पाच महिने, मी बोटावर मोजून ठेवलेला. दार चार पावलांवर होतं. पण बाहेरच्यांनी आत यायचं नाही अशी पाटी होती, माझं स्वतःचं प्रमाणपत्र त्याच कार्यालयात नूतनीकरणाला पडलेलं होतं, आणि मी भित्री. मी बाकड्यावरून उठले नाही. लोह्याच्या बाजारात माझी चूक ज्या माणसाने आपल्या अंगावर घेतली, त्याच्यासाठी मला चार पावलं टाकता आली नाहीत.

मास्तर बाहेर आले. "चला, लवकरची गाडी धरू. येताना अहमदपूरच्या पुढं गर्दी व्हती," एवढंच.

नापास. मास्तर खरोखरचे रखवालदार झाले. गेटजवळ स्टूल, हातात काठी. बैठका मी घ्यायची, चार पानी फॉर्म मी भरायचा. पण सकाळी पेशंट आपणहून गेटपर्यंत जायचे आणि तिकीट घेऊन यायचे. तपासणीवाल्यांनी विचारलं तर मी सांगायचे, फिरायला जातात. मास्तर मला म्हणाले, "गेटवरच बरं हाय. चढनारा-उतरनारा समदा इथूनच जातो." बोलायचे हसून, पण हातातली काठी त्यांना शोभायची नाही, आणि मला ती रोज दिसायची.

वय झालं तसे ते लातूरला मुलीकडे राहायला गेले. जाताना पंच माधवच्या घरी दिला. मला नाही! खोटं कशाला बोलू, मला फार लागलं ते. इतकी वर्षं रोज सकाळी त्यांचं तिकीट कोणी फाडलं? रुसून मी त्यांना सोडायला स्टँडवरसुद्धा गेले नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझ्या फोनवर एक मिस कॉल आला. मास्तर. मी उलटा फोन केला तर उचलेनात. संध्याकाळी त्यांच्या मुलीने खुलासा केला, "बाबा म्हनले, त्यो मिस कॉल म्हंजे तिकीट मागितलं. तुमी दोन मिस कॉल देयाचे. डबल बेल." तेव्हापासून रोज सातला एक, आणि माझे दोन. माझ्या लग्नाच्या दिवशी हळदीच्या हाताने दिलेत मी.

मागच्या वर्षी एका सकाळी सात वाजून गेले. सव्वासात झाले. मी फोन हातात धरून ओट्याशी उभी, दूध उतू गेलेलं. आठला त्यांच्या मुलीचा फोन आला. झोपेतच गेले. खिशात आदल्या दिवशीचं तिकीट होतं, पुठ्ठ्याचं, पंच नसल्यामुळे नातवाने पेन्सिलीने भोक पाडलेलं.

हे सगळं आज का लिहायला बसले, तर परवा लातूरला गेले होते. तेच कार्यालय, तोच व्हरांडा. मी अजून उतरले नाही ना, त्यामुळे आता ज्येष्ठ धरतात. यंदा मुलाखतीच्या टेबलामागे तिघांत मी होते. माणसं मिळत नाहीत हीच आमची रड. पदवीवाले टिकत नाहीत, आणि टिकणाऱ्यांकडे कागद नसतो. दुपारी एक उमेदवार आत आला. केस पिकलेले, पण ओळखला मी. माधव. त्याने मला नमस्कार केला, ओळख दाखवली नाही, शहाणा माणूस. खुर्चीवर बसला. छान बोलला. माझ्या शेजारच्या साहेबांनी फॉर्म उलटला.

"हे काय लिहिलंय? व्यसनमुक्तीचा कालावधी, एक दिवस?"

"हाव, साहेब."

"अहो, किमान दोन वर्षं लागतात. मग तुम्ही अर्जच कशाला केला?" साहेबांनी पेन उघडलं. तो आवाज मी ओळखत होते.

मी विचारलं, "आजचं तिकीट कुणी फाडलं?"

माधवने खिशाला हात लावला. "मंडळीनं. मास्तरांचा पंच तिच्याकडं ऱ्हातो. मास्तर म्हनले व्हते, ज्याचं तिकीट त्याच्या हातात पंच देयाचा न्हाई."

मी उठले. साहेब म्हणाले, "मॅडम, कुठे निघालात?" मी दारापर्यंत गेले. चारच पावलं होती. व्हरांड्यात त्याच बाकड्यावर सुमन बसली होती, मांडीवर डब्याची पिशवी. मी म्हटलं, "सुमनताई, आत या."

"पाटी हाय की, मॅडम."

"असू द्या पाटी. या."

ती पदर सावरत आत आली, नवऱ्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. मी विचारलं, "यांनी सोडून किती दिवस झाले?"

ती क्षणभरही थांबली नाही. "सात वर्सं, दोन म्हैने, नऊ दिवस. त्या बाजाराच्या दुसऱ्या दिवसापासून. ते मोजत न्हाईत. मास्तरांनी त्यान्ला एक दिवस दिल्ता आन मला सांगितलं, तू मोज, माय. घरच्यानं मोजायचं आसतंय."

माधव मान वळवून तिच्याकडे बघत होता. त्यालाही हा आकडा बहुतेक पहिल्यांदाच कळत होता.

मी साहेबांच्या पुढ्यातला फॉर्म ओढून घेतला. "एक दिवस" खोडलं नाही. त्याच्या खाली, माझ्या अक्षरात, सुमनचा आकडा लिहिला, पुढे सही केली. डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणून सही जरा वाकडी आली. मग फॉर्म पुढे सरकवला आणि टेबलावर बोटाने दोनदा टकटक केलं.